मडक्याचं माप

म्हापशाच्या बाजारात, चोरिसांच्या माळा टांगून बसलेल्या बायांसमोर
नेव्हिलचं दुकान. मी नवा फोन पुढे केला.
त्यानं फाइल दाबली. पुन्हा दाबली.
करडी चौकट: उघडता येत नाही.
"हो फोन तें खायना," नेव्हिल म्हणाला,
म्हशीनं पेंड हुंगून तोंड फिरवावं, तसं.

त्या फाइलीत पुनाजी आहे.
डिचोलीचा पुनाजी कुंभार, चवथीची पाचवी रात्र,
माटोळीतली एक सुपारी गळून खांद्यावर पडलेली,
उजव्या हाताची थाप, डावा तळवा मडक्याच्या उघड्या तोंडावर,
झाक, उघड, झाक.
मधेच कुणीतरी खोकतं. तेही हवं आहे मला.

मुद्दाम खुल्या साच्यात ठेवलं होतं सगळं,
ज्याची कृती कुणाच्या तिजोरीत नाही.
हा फोन माझी पावलं मोजतो,
न विचारता माझा चेहरा ओळखतो,
तीन डोळे आहेत त्याला.
उघड्यावर पडलेली, फुकटातली एक कृती
तेवढी वाचायची नाही म्हणे.

"बदलून देतो. शंभर रुपये."
दिले. ऐकलं.
थाप होती. पण तळवा उचलल्यावर
मडक्यातून जो घूं बाहेर पडतो, तो अर्ध्यात बसलेला,
हुर्राक या भांड्यातून त्या भांड्यात ओतत गेलं
की आधी वास जातो, तसा.
पुढच्या फोनला पुन्हा ओतायचं. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

घोरपडीचं कातडं कायद्यानं गेलं
तेव्हा पुनाजीनं बकऱ्याचं ताणलं.
शिव्या दिल्या आधी. पावसात रुसतं म्हणाला.
पण घुमट राहिला,
कारण मडक्याचं माप गावाला ठाऊक होतं.
माझ्या वीजबिलाच्या पाठीवर त्यानं कोळशानं काढून दिलं होतं:
पोट इतकं, गळा इतका, ओठ जरा बाहेर.
"कुणाच्या बापाचें न्हय हें. कर तू.
वायट जालें जाल्यार म्हजेकडेन यो."
मी केलं नाही. बिल आहे अजून.

खिशातून जुना फोन काढला, काच तडकलेला,
रबरबँडनं बांधलेला. तो वाजला.
नेव्हिलची बोटं काउंटरवर आपोआप चालू झाली,
चार्जर हलले, एक कव्हर खाली पडलं.
"पाय वाजवायचा माझा," तो म्हणाला. "मांडोला. लग्नात."
मग गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं थांब म्हटलं.
"मला पाठव हें."

पाठवलं. पोचलं.
त्यानं स्वतःचा फोन उघडला,
दुकानातला सगळ्यात महाग.
करडी चौकट.

बराच वेळ आम्ही दोघं
त्या तडकलेल्या काचेवर कान वाकवून उभे होतो.