एकसष्ट

दंडावर काळ्या मार्करनं लिहिलं: एकसष्ट.
लिहिणारा पोरगा दहावीतला, थंडीनं हात हलत होता,
सहाचं पोट जरा सांडलं कोपराकडे.

डिसेंबर. तलावावर एवढं धुकं
की पलीकडची पाळ नुसती ऐकू यायची,
तिकडे कोणी डबा वाजवून पाणकोंबड्या उडवत होतं.

मी सायकलवाली.
सात वर्षं, बँक उघडायच्या आधी
मुरपारच्या फाट्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत.
त्याला कोणी खेळ म्हणत नाही.

पाणी माझं नव्हतं.
ते बेनीराम वलथरेंनी शिकवलं, सप्टेंबरपासून, त्यांच्या बोडीत,
जाळी सुकत घातलेल्या काठाशी:
"पाण्यासंगं भांडू नोको बाई. तोंड बुडवजो, सास बाजूनं घेजो.
आन शिंगाड्याकडं जाऊ नोको, काटे रुततेत."
फी विचारली तर पासबुक पुढे केलं,
दोन वर्षांच्या नोंदी राहिल्या होत्या.

भोंग्यावर पुकारलं: पुष्पकला रहांगडाले.
मी पुस्तकला. आईनं हट्टानं ठेवलेलं नाव,
तिला स्वतःला सही येत नव्हती.
दुरुस्त करायला वळले तोवर शिट्टी झाली.

पन्नास हात मारले आणि शिकलेलं सगळं गेलं.
कमळाचा देठ पायाला गुंडाळला,
ओरडले, तर तोंडात तलाव.
डोंग्यातून बेनीराम: "उताणी हो! उताणी!"
झाले उताणी. वर आभाळ नव्हतंच.
कानात पाणी, पाण्यात माझाच श्वास,
नोटा मोजायच्या मशीनसारखा, फर्र, थांब, फर्र.
मग त्याच्यावरच मोजत गेले.
एक गड्डी. दुसरी गड्डी.
साडेसातशे मीटरच्या किती गड्ड्या होतात
अजून हिशोब लागलेला नाही.
गुडघ्याला चिखल लागला तेव्हा कळलं, पाळ आली.

आणि सायकल!
बांबूला टेकून उभी, सीटवर दव.
ओल्या पायांत मोजे जाईनात, दिले टाकून.
या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला नावानं ओळखतो,
पुस्तकला म्हणूनच.
धान खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरची रांग,
पोत्यांवर झोपलेला एकजण उठून बसला:
"कॅशियर मॅडम पैसे घेऊन पळून रायल्या का?"
अकरा जणांना मागे टाकलं,
त्यात नागपूरच्या दोन कार्बनच्या सायकली.
मोजलं, कारण मोजणं हाच धंदा.

उतरले, तर पाय नव्हते.
कमरेखाली दोन भिजलेली पोती, ती ओढत
नहराच्या पाळीनं निघाले.
ते अकराही परत पुढे गेले, एकेक करून,
दोघांनी तर नमस्कारही केला.
लाखोरीच्या बांधीपाशी मी चालायला लागले.
हो, चालले.
शेळ्या घेऊन एक पोरगी शेजारून चालत होती.
"कोण लागलं मागं?"
"कोणी नाही."
"मंग?"
पुढच्या मोहाच्या झाडापर्यंत मला उत्तर सुचलं नाही,
म्हणून तिथपर्यंत पळाले.
तिथून पुढचं झाडही फार लांब नव्हतं.

मंडपाच्या दोऱ्या सोडत होते.
पोहे संपले होते, लिंबाच्या फोडी तेवढ्या उरलेल्या.
तोच दहावीतला पोरगा वहीवर वाकला:
एकसष्ट, दोन तास अकरा मिनिटं.
बेनीराम डोंगा बांधत होते. कितवी आलीस, विचारलं नाही.
"तलाव सुटला न मंग?"
"सुटला."

सोमवारी काउंटरवर बसताना बूड हळूच टेकवलं.
आकडा साबणानं गेला नव्हता, खोबरेल तेलानंही नाही.
पैसे सरकवताना बाही वर गेली.
काचेपलीकडची म्हातारी दंडाकडे बघत राहिली,
मग मुठीतलं टोकन उघडून लेकराकडून वाचून घेतलं.
"बाई, एकसष्ट झाला का? माझा बासष्ट हाय."

"झाला," मी म्हटलं. "या."