मधली खूण

चुना मी घालतो.
केप्याला, कुशावतीच्या अलीकडे,
भात कापून झालेल्या शेतात, दर जानेवारीत.
सुतळी ताणायची, पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडायची
आणि उलटं चालत जायचं,
म्हणजे आपली रेघ आपल्याला दिसत राहते.
चुना शिंपल्यांचा. हाच देवळाच्या घुमटीला लागतो,
हाच इगर्जीच्या दर्शनी भिंतीला.
भट्टीवाला रुझार दोघांनाही एकाच मापानं फसवतो.

वरच्या वाड्याचा संघ सांत इस्तेव्ह बॉइज,
खालच्याचा सातेरी स्पोर्ट्स.
आधी नावं नव्हती. वरचे, खालचे, बस्स,
आणि हरेल त्यानं सोडा पाजायचा.
मग कुणी जर्सी शिवल्या.
मग जर्सीवर काय छापायचं यावर बैठका झाल्या.
मग घोषणा आल्या,
ज्यांत चेंडूच नव्हता.

तारवटी कैतान एकदा ग्लासगोहून
हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर घेऊन आला.
एप्रिलच्या उकाड्यात तावेर्नात गळ्यात घालून बसायचा.
"थंय," म्हणाला, "कोण जिंकलं हे मागाहून विचारतात.
आधी विचारतात, शाळा कुठली तुझी?
शाळेवरून कळतं, तू कोणाचा."
"आणि समोरचे कोण? हिंदू?"
"खुळो काय रे तू! तेही क्रिस्तांवच.
एकच जेजू, दारं दोन."
मग भांडतात कशावरून?
त्यानं पेला उजेडात धरून पाहिला.
"निळ्यावरून," म्हणाला.
आम्ही तेव्हा पोट धरून हसलो.

सातेरीच्या गोलात इनास असायचा, पोदेराचा मुलगा.
पाय साधारण, पण हातांना जसा फणसाचा चीक.
बापाची पावाची भट्टी खालच्या वाड्यात,
म्हणून तो खालचा. एवढा सरळ हिशेब होता.
खेळ सुरू होण्याआधी तो दोन्ही दांडे बघून घ्यायचा
आणि मधोमध टाचेनं एक ओरखडा ओढायचा,
सरळ पुढे, माझ्या लहान चौकटीची रेघ कापत.
पुढे धावलेल्याला मान न वळवता कळावं,
मागं गोल कुठे आहे.
सगळेच गोलकीपर करतात.

फायनलला शून्य-शून्य. पाच मिनिटं उरलेली.
चेंडू ढेकळावर उडाला
(शेत आहे ते, ढेकूळ असणारच)
आणि इनासच्या खांद्यावरून आत.
वरचे नाचले: "घराक आयलो रे, आमचो घराक आयलो!"
खालचे आधी गप्प.
मग काजूच्या झाडाखालून एक आवाज:
"बघा, बघा, आमच्या गोलात खुरीस काढलाय त्यानं."
आणि सगळे वाकून बघायला लागले.
उभा ओरखडा. आडवी रेघ.

आडवी रेघ माझी होती.
हे मी म्हणालो नाही.
हातात डबा होता,
तोंडात काय होतं कोण जाणे.

रात्री पावाच्या सायकलचे दोन्ही टायर कापले,
पाटलो नाल्यात.
सकाळी पाव उशिरा आला, पण आला.
म्हातारा पोदेर चालत, डोक्यावर दुसऱ्याचा पाटलो,
भोंगा तेवढा हातात. वाजवत मात्र नव्हता.
आम्ही रोजच्याएवढेच पाव घेतले.
माझ्या पुतण्यानं, सोयरूनं, दोन जास्त घेतले.
त्याच्या अंगठ्याला चिंधी होती.
कशानं, ते मी विचारलं नाही.
कापलेल्यावर चुना झोंबतो, एवढंच मला कळतं.

इनास आता दोह्यात, कुठल्याशा गुदामात.
यंदा गोलात तुळशीदास, मास्तरांचा धाकटा.
आला, हातमोजे घट्ट केले,
डावा दांडा बघितला, उजवा बघितला,
आणि टाचेनं ओढला ओरखडा,
मधोमध, सरळ पुढे,
माझी ओली रेघ कापत.

मी काजूच्या झाडाकडे बघितलं.
सगळे चणे खात होते.