सात रुपये बाकी

तिकिटाच्या पाठीमागं मी पेनानं लिहिलं होतं : ७.
खाली एक रेघ. रेघ म्हणजे माझी सही.
उतरताना घे, म्हटलं त्या पोराला.
दारातल्या दांड्याला धरून उभा होता,
खांद्यावर फुटबॉलचे बूट, नाडीला नाडी बांधलेले.

एवढं लख्ख आहे.
तोंड नाही.
तोंडाच्या जागी उसाची ट्रॉली येते,
मागं लाल दिवा नसलेली,
बापूसो ब्रेकवर उभा राहतो
आणि पुढचं मला लोकांनी सांगितलंय.

स्कॅन चांगला आला.
काही झालेलं नाही, मुका मार आहे, म्हणाले सगळे.
सासूनं टेंबलाईला नारळ फोडला.
मुका मार.
खरंच मुका आहे,
त्याला काय झालंय ते सांगता येत नाही.

दूध उतू चाललंय आणि मी ओरडतो,
ते आण, ते, गरम धरायचं, तोंड असलेलं!
"सांडशी," प्रणोती म्हणते.
तोवर शेगडी विझलेली.

चौदा वर्षं, गंगावेस ते कसबा बावडा,
चालत्या गाडीत, एका पायावर तोल धरून
शंभरातनं तेवीस, पन्नासातनं सोळा,
अर्धं तिकीट, पास, चिकटवलेली दहाची नोट,
बेरीज तोंडात, सुपारीसारखी.
आता आमटीत मीठ घातलं का
हे घातल्या घातल्या विसरतो.
चार वाजले की डोक्याचं शटर पडतं,
आत माणूस असतानाच.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. म्हणाल्या, आठवेल तसं सांगा.
मी तिकिटं देत होतो, म्हटलं,
मी पुढं गेलो, मी पडलो.
त्या लिहीत होत्या. मला उलटं वाचता येतं, कंडक्टर आहे मी :
"स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलतात. गोंधळ?"
अहो बाई, आमच्या कोल्हापुरात
बायका अशाच येतो म्हणतात आणि जातो म्हणतात.
माझी आई बाळंत होताना
"मेलो गं" म्हणून ओरडली होती.
त्यांनी खोडलं.
खूप दिवसांनी हसलो. हसल्यावर डोकं ठणकलं,
पण तेवढी एक चूक
माझ्या नावावरनं वजा झाली.

हंगाम लागला की ट्रॅक्टर येतात,
त्यांचे स्पीकर छातीत वाजतात.
रसवंती दिसली की मी रस्ता बदलतो
आणि बदललेला रस्ता मला घरी नेत नाही.
परवा रंकाळ्याच्या कडेला तास दीड तास बसलो,
पत्ता विचारायची लाज वाटत.
याच गावाचे स्टॉप मी ओरडून सांगितलेत.

साहेब म्हणतात, ऑफिसात बसा, हलकं काम देतो.
हलकं म्हणजे आकडे.

बापूसोला विचारलं, तो पोरगा?
त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली.
"दाराजवळचे तिघं गेले, वैजू.
नावं मला बी नीट म्हाईत न्हाईत."
स्टेडियमबाहेर दोन मॅचा उभा राहिलो.
सुटल्यावर सगळ्यांचेच बूट खांद्यावर.

सात रुपये वाटीत ठेवलेत, फ्रिजवर, सुट्टे.
रोज मोजतो. कधी सात, कधी आठ,
एकदा अकरा भरले तेव्हा रडलो.

आज सहा.
परत सहा.
प्रणोतीला म्हटलं, तू मोज.
तिनं सावकाश मोजले, माझ्यासाठी, ओठ हलवत.
"सहाच हाईत, आई."
सहाच!
मी गुडघ्यावर बसलो, फ्रिजखाली झाडू घातला.
जळमट, वाटाणा, केसांचं रबर.
"माझ्यातला एक घालू का?"
नको, म्हटलं.
त्याचा आहे तो.