चार अंश

सकाळचे सात. शीतखोलीत चार अंश.
अपोंडी दोन स्वेटर घालते, वर पांढरा कोट.
बाहेर व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला
बायकांनी ओमेना मासे वाळत घातलेत, ऊन कडक आहे.

पिंजरा बर्फाच्या पेटीवर ठेवायचा नि थांबायचं.
त्सेत्से माशा आधी जाळीवरून घसरतात,
मग पाय पोटाशी घेऊन आडव्या.
मरणासारखं दिसतं. नसतं ते.
पंख मात्र तसेच, मिटलेल्या कात्रीसारखे, एकावर एक.

ओचोलासर ईथर वापरायचे.
निवृत्त झाले तरी त्यांच्या कोटाला तो वास होता म्हणे.
किती माशा पुन्हा उठल्याच नाहीत
ते एका वहीत आहे, पेन्सिलीने, कुठेही बेरीज न केलेलं.
कार्बन डायऑक्साईड झटपट; पण त्यातून उठलेली माशी
दिवसभर बिथरलेली असते, असं अपोंडीचं मत.
थंडी बरी.

नर इकडे, मादी तिकडे. मऊ चिमटा.
पाठीवर टाचणीच्या टोकाने ठिपका, आज पिवळा.
माद्यांना जपून. या बयेला एका खेपेला एकच पोर,
तेही पोटातच दूध पाजून वाढवलेलं.

साडेआठला वीज गेली.

जनरेटर खोकला, थांबला.
मुतुआ खाली धावला डिझेल बघायला.
टेबलावर अठ्ठावीस जणी, निम्म्यांवर ठिपका.
एकीचा मागचा पाय हलला.
सात अंश. नऊ.
झाकण हाताशीच होतं, अपोंडीने घेतलं नाही.
तिला ओडेरामामा आठवला:
उगालीचा घास बोटांत तसाच धरून पेंगणारा,
रात्री टक्क जागा, अंगणात कुणाशीतरी भांडणारा,
दुपारी होडीत, वल्हं मांडीवर, झोपलेला.
आळशी म्हणत त्याला. आईसुद्धा.
रक्त तपासायला नेलं तोवर
त्याला स्वतःचं नाव सांगायलाही वेळ लागत होता.

एक माशी तिच्या मनगटावर येऊन बसली.
इथलीच, इथेच जन्मलेली, रोगाचा लवलेश नसलेली;
अपोंडीनेच तर वाढवलेली.
तरी हात हलेना.
चार अंशांवर ठेवल्यासारखा.

दिवे आले. मुतुआ डिझेलचे हात पुसत आला,
म्हणाला, काय गं, चावली का?
तिने मनगटावर काचेची नळी पालथी घातली
आणि नोंदवहीत लिहिलं:
सत्तावीस. एक पुन्हा मोजायची.