धुरा

वीस-ऐंशीची दुर्बीण, वजन सव्वादोन किलो.
तान्ह्या पोराएवढी,
पण पोर निदान आपल्याला धरून राहतं.
ही हातात घेतली की तारा तारा राहत नाही,
माझ्याच नाडीचा आलेख होतो,
आणि मला कळतं की साठीनंतर
मी किती उड्या मारतो आतल्या आत.

प्रफुल्ल धकातेनं त्याचा स्टँड दिला,
लग्नाच्या शूटिंगचा, ॲल्युमिनियमचा,
मधल्या दांड्याला जुन्या हळदीचा डाग.
"तीनशे लग्नं काढली ना भाऊ यानं," म्हणाला.
मी अरुंधती लावली. तीच,
जी लॉनवरच्या झगमगाटात भटजी बोटानं दाखवतात,
कोणालाच दिसत नाही,
आणि दोघंही म्हणतात, दिसली.
मला दिसली. नाचताना.
टिचकी मारली, मोजलं:
सात सेकंद लागले तिला जागेवर यायला,
आणि आठव्याला कूलर.

मानेवाड्यातली आमची बिल्डिंग,
बारा बिऱ्हाडं, चौदा कूलर,
मे महिन्यात अख्खा स्लॅब ताप आल्यासारखा कापतो.
दांड्याला वाळूची पिशवी टांगली: पाच.
पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे: चार.
दुकानदार म्हणाला, कार्बन फायबर घ्या काका,
आणि किंमत अशी सांगितली
की मी दुकानातच थोडा थरथरलो.

खालच्या मजल्यावरच्या निखाडेबाईंनी ऐकलं असावं.
त्यांच्या पलंगाखाली होता, गोणपाटात,
मोजणीवाल्या निखाडेंचा लाकडी स्टँड,
पितळी पेच, पायांना लोखंडी टोकं,
टोकांवर अजून काटोलकडची काळी माती.
"चाळीस वर्स धुरे मोजले त्यायनं," बाई म्हणाल्या,
"भाऊ भावाच्या मुंडक्यावर कुऱ्हाड घेऊन उभा राहे,
अन् हे मधात तीन पाय रोवत.
घेऊन जा. पैसे नको.
पन काय दिसते, ते मलेबी दाखवजा."

हिंगण्याच्या एका लेथवाल्यानं
डोक्यावर बसेल अशी पट्टी करून दिली.
टिचकी मारली.
एक, आणि दोन म्हणायच्या आत संपलं.
लाकूड थरथर पिऊन टाकतं,
धातू ती सगळ्यांना सांगत बसतो.

तरी कूलर होतेच.

मग त्या बुधवारी साडेनऊला
फट् करून लाइन गेली,
मेडिकल चौकापासून पार रिंग रोडपर्यंत.
सगळ्या खिडक्यांतून एकदम शिव्या,
पोरांचं रडणं, वर्तमानपत्रांचे पंखे,
आणि माझ्या पायाखालचा स्लॅब
पहिल्यांदाच नुसता स्लॅब झाला.

डोळा लावला.
अरुंधती एका बाजूला, स्वच्छ, मुकाट.
वसिष्ठाकडे पाहिलं आणि श्वास धरला.
वसिष्ठ एक नव्हता.
दोन होते, अगदी चिकटून,
एक ठसठशीत, एक जरा बारीक,
मध्ये काळोखाचा एक केस.
इतके दिवस माझ्याच हलण्यात
तो दुसरा पुसला जात होता.

निखाडेबाईंना हाक मारली.
पदरानं वारा घेत त्या जिना चढून आल्या,
स्टुलावर बसल्या, चष्मा वर सरकवला,
आणि सवयीनं आधी स्टँडच्या पायाला हात लावला,
पेच घट्ट आहे का ते पाहिलं.
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
खाली कुणीतरी महावितरणच्या सात पिढ्या काढत होतं.

"दोन आहेत," शेवटी म्हणाल्या.
"हाव," मी म्हटलं.
"भाऊ भाऊ?"
"काय माहीत. नवरा-बायकोही असतील."
"अन् मंग यायच्या मधातला धुरा
कोनं मोजला?"

मी काही सांगणार होतो, अंतर, प्रकाशवर्षं,
पण तेवढ्यात लाइन आली,
चौदाही कूलर एकदम सुरू झाले,
आणि बाईंनी डोळा न काढता
दोन्ही हातांनी स्टँडचे पाय
दाबून धरले.