तिन्ही काळांत तेच

कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर बसून
मधुरा इंग्रजीचा अभ्यास करते.
'सोपं आहे गं आई, तीनच अक्षरं.
आणि तिन्ही काळांत तेच:
कट, कट, कट.'
काल कापलं, आज कापते, कापून झालेलं,
एवढं कापून शब्दाच्या अंगावर ओरखडा नाही.

पाच वाक्यं करायची आहेत.
खडूनं बाही आखत मी म्हटलं, लिही,
गंगावेशीच्या वळणावर रिक्षावाला कट मारून गेला.
'ते इंग्रजी नव्हे.'
मग काय आहे?
तुझ्या बापाच्या गाडीचा आरसा फुटला तेव्हा
दोघं एकमेकांना जे बोलले
तेवढं मात्र मराठी होतं, खात्रीनं सांगते.
तिनं काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

ठाण्याचे शरदभावजी एकदा आबांना म्हणाले,
'कटिंग घेऊया?'
आबांनी टोपी काढून डोकं दाखवलं,
'परवाच केली की.'
आमच्याकडं अर्धा चहा हाफच राहिला.
कटिंग डोक्याची, नाहीतर कापडाची.
आणि कापडाची करताना आबा श्वास धरायचे,
कात्री पल्याड पोचली की सोडायचे.

तिसरं वाक्य तिचं तिनं केलं:
आय वॉन्ट मोअर कट.
म्हटलं, बाई चूक देतील बाळा, हा त्यांचा नव्हे.
पुरणाची डाळ शिजली की वर राहतो तो हा,
मिसळीवर लालभडक तरंगतो,
वाटी पुढं केली की पोरगा न बोलता ओततो.
आणखी एक कट आहे, तोही शिजतोच,
फक्त दार लावून.
'तो कुठला?'
मोठी झालीस की वाढीन.
'मी तरी हेच लिहितो,' म्हणाली,
आणि लिहिलं.

चौथं फळीवरून उचललं. कटपीस.
सव्वा मीटर, मोरपंखी,
दोन दिवाळ्या झाल्या, बाई न्यायला आली नाही.

हे टेबल आबांचं. सात फुटी, सागवानी,
कडेला पितळी पट्टी ठोकलेली, एक ते चौऱ्याऐंशी.
वाटणीला दादा म्हणाला, लेकीला टेबल कशाला?
मी म्हटलं, मग मी शिकले कशावर?
बावड्याचा सुतार आला. त्यानं दोनदा विचारलं,
'खरंच कापू का?'
दोघांनीही मान हलवली. त्या दिवशी
आमचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.
भुसा कापडांत, मशीनच्या तेलात,
आठवडाभर माझ्या केसांत.

एक ते बेचाळीस माझ्याकडं.
दादाचं माप त्रेचाळीसपासून सुरू होतं.
कसं मोजत असेल कोण जाणे.
प्रत्येक बाहीला, प्रत्येक कॉलरला
आधी बेचाळीस वजा करत असेल.

पाचवं वाक्य ती हातानं झाकून लिहिते.
मी वाकून वाचते:
वी कट मामाज फोन.
'आई, हे कालचं धरायचं का रोजचं?
बाई विचारणार. शब्दावरनं कळत नाही.'

मी सांगणार होते, आपण नाही गं करत, आपोआप होतो,
रेंज नसते,
मामाच्या रंकाळ्याच्या बाजूला तर नसतेच.
खोड म्हटलं असतं,
पण पाचवीपासून ती पेनानं लिहिते.

बाहीवरची खडूची रेघ पुसट झाली होती.
पुन्हा आखली. कात्री उचलली नाही.
फोन टेबलाच्या त्या टोकाला आहे
जिथं करवत पट्टीतून गेली.
बेचाळीसमधला चार पुरता दिसतो.
दोन निम्माच.