पलीकडचं टोक

खिल्लारे मास्तरांनी पिशवीतून इंजिन काढलं,
जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेलं,
आणि काउंटरवर, दोन उघड्या मिक्सरच्या मधे
हलकेच टेकवलं.
'अनसूया, हे अडतंय.
बोट लावलं की पळतं. काढलं की चालंना.'

पूर्णा जंक्शन आमचं.
अडलेल्या इंजिनाचं नवल इथं कुणाला नाही.
वडील शेडमध्ये होते,
त्यांच्या हातांचा वास डब्यातल्या भाकरीलाही यायचा.
पण वीतभर इंजिन मी पहिल्यांदाच उताणं केलं.

चार स्क्रू, तिळाएवढे.
मोटर ठणठणीत, सेलच्या वायरी लावताच गरगरली.
म्हणजे दुखणं वाटेत कुठंतरी.
रुळातून करंट चाकात येतो,
चाकाच्या पाठीला एक तांबूस पट्टी टेकलेली असते,
कागदासारखी पातळ,
ती तो घेते आणि आत देते.
सहा चाकं, सहा पट्ट्या.
मीटर लावत गेले.
एक वाजली. दुसरी नाही, तिसरी नाही,
चौथी वाजून गप्प झाली.
उरलेल्या दोन काळ्या चिकटात रुतलेल्या.
'तेल कुठलं घातलंत?'
'शिलाई मशीनचं. तेच होतं घरात.'

मागच्या दांडीला काहीतरी गुंडाळलेलं:
सतरंजीचा लाल धागा, कापसाची कुसकी,
आणि एक केस. मेंदीचा, मुळाशी पांढरा.
चिमट्यानं उलगडत गेले, हातभर निघाला.
मास्तरांनी तळवा पुढं केला. मी दिला.
चष्म्याची डबी टकदिशी मिटली.

'इतकी वर्षं असंच चालवलंत?'
'ती पलीकडच्या टोकाला बसायची.
वसमतच्या सांध्यावर अडलं की ढकलायची,
डाळ निवडता निवडता.
आता दर फेरीला मलाच उठावं लागतंय.'

बाटलीच्या टोपणात थोडं पेट्रोल,
कान साफ करायच्या काड्या. अकरा काळ्या झाल्या.
पट्टी वाकवायची ती मात्र अंदाजानं.
जास्त दाबली तर चाकच धरून ठेवते,
कमी दाबली तर नुसती जवळ असते.
पहिल्यांदा चुकले. इंजिन कण्हलं.
मास्तर काही बोलले नाहीत,
दुकानाच्या दाराकडं बघत राहिले.

दोन हात रूळ त्यांनीच आणला होता.
'चालवा.'
सांध्यावरून गेलं, थांबलं नाही.
मास्तरांचं बोट त्याच्या मागंमागं,
इंचभर अंतर ठेवून, हवेतून.
पलीकडं अडसर नव्हता, पुढं काउंटर संपत होतं,
म्हणून मी हात आडवा धरला.
तळव्याला टेकलं. कोमट होतं.
मास्तरांनी बटण फिरवलं, माघारी गेलं.
पुन्हा आलं.

साठ रुपये म्हणणार, तेवढ्यात लाइट गेली.
फाट्याकडच्या मालगाडीचा भोंगा तेवढा ऐकू आला.
'आली की अजून एकदा बघू,' मास्तर म्हणाले,
आणि अंधारात स्टूल ओढून बसले.
मी हात तिथंच ठेवला.